लाल दोऱ्याच्या सात बंदुका

आश्विन शुद्ध नवमी, म्हणजे खंडेनवमी. निजामाचं राज्य गेल्यानंतरची चौथी. जागा हळ्ळीखेडची चावडी, वेळ सकाळची, ऊन ओट्यावर चढत होतं तेव्हाची. हजर: माझे वडील अप्पा, पोलीस ठाण्यातले कारकून, ठाण्याचे अमीनसाब, म्हणजे फौजदार, गावचे पाटील, माझा थोरला भाऊ अण्णा आणि त्याच्याबरोबर ग्रामरक्षक दलाची पोरं, काही आमच्या गावची, काही जवळच्या मेहकरहून आदल्या दिवशी चालत आलेली, माझी आई, शेजारच्या गंगाक्का आणि आणखी दोघी सुवासिनी, आणि मी, कमल, वय सोळा. बंदुका वीस. गैरहजर एकच माणूस, हुसेनचाचा, बंदुकांचे मिस्त्री.

सुरुवात हजेरीनं करायची मला सवय आहे. सरकारी दवाखान्याच्या भांडारात माझी सगळी नोकरी झाली. काय आलं, काय गेलं, कुणाच्या सहीनं गेलं, हे लिहिल्याशिवाय मी कपाटाला कुलूप लावत नाही. घरातल्या डब्यांनासुद्धा चिठ्ठ्या आहेत. सुना हसतात, हसू देत. ही सवय मला कुठून लागली ते त्यांना माहीत नाही. म्हणून हे प्रकरण.

आमचं घर म्हणजे ठाण्यामागच्या दोन खोल्या, नोकरीबरोबर मिळालेल्या. पुढच्या खोलीत अप्पांचं बसकं मेज, मागच्या खोलीत चूल. घरात कायम दोन वास असायचे, एक ज्वारीची भाकरी तव्यावर फुगण्याचा आणि दुसरा घासलेटचा. ठाण्यात बंदुका पुसायच्या चिंध्या आईच धुऊन वाळत घालायची. कितीही धुतल्या तरी त्यांचा वास जायचा नाही. रोजचं जेवण भाकरी, पुंडीची भाजी आणि शेंगांची चटणी. पुंडी म्हणजे अंबाडी, पण आमच्याकडे अंबाडी म्हटलं तर कुणी आणून दिली नसती. संध्याकाळी अप्पा ठाण्यातलं रजिस्टर लाल फडक्यात बांधून घरी आणायचे. त्यांना जवळचं दिसेनासं झालं होतं. सोलापूरहून आणलेला चष्माही उपयोगाला आला नव्हता. अमीनसाबांना हे ठाऊक होतं आणि ते बोलत नव्हते, कारण अप्पांइतकं नेटकं काम करणारा कारकून त्यांना दुसरा मिळाला नसता. मी उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकले होते. त्यामुळे रजिस्टर वाचणं आणि लिहिणं हळूहळू माझ्याकडे आलं. अप्पा भिंतीला टेकून डोळे मिटून बसायचे, मी वाचायची, ते ऐकून "हं" म्हणायचे. त्या "हं"मध्ये चूक पकडली गेली तर "ह्ं?" असा वरचा सूर लागायचा. चुलीपाशी आईच्या हाताखाली भाकरीचा थप्प थप्प आवाज, इकडे माझे नंबर. अण्णा म्हणायचा, "आमच्या ठाण्यात दोन अमीन हायत. एक खुर्चीवर बसतो, एक चुलीपाशी."

नंबर बंदुकांचे असायचे. राज्य बदलल्यावर सगळीकडची हत्यारं गोळा झाली आणि त्यांतली काही चोरट्यांच्या भीतीपायी गावोगावच्या रक्षक दलांना वाटली गेली. आमच्या ठाण्याच्या वाट्याला बावीस रायफली आल्या, गवतात गुंडाळून, लॉरीनं. जुन्याच होत्या. कुठे कुठे फिरून आल्या होत्या देव जाणे. रायफलीच्या अंगावर, नळी जिथं बसवलेली असते तिथं, एक इंग्रजी अक्षर आणि नंबर ठोकलेला असतो. आमच्या सगळ्यांवर एमच होतं. त्याच्या मागे, मूठ जिथं धरतात तिथं, बनावटीचं साल ठोकलेलं असतं. पण निम्म्याअधिक बंदुकांवरचं साल हातांनी घासून घासून गेलं होतं. बोट फिरवलं तर नुसता खरखरीतपणा लागायचा.

पहिली तक्रार मेहकरहून आली. सरावाच्या वेळी एका रायफलीचा बोल्ट अडकला आणि उघडेना. बोल्ट म्हणजे मागचा दांडा, जो ओढून काडतूस आत ढकलतात आणि जो बार उडताना मागची बाजू बंद धरून ठेवतो. बार जेवढा पुढे जातो तेवढाच धक्का मागे ह्या दांड्यावर बसतो. दोन महिन्यांत आमच्याच गावात दुसरी रायफल तशीच अडकली. अमीनसाबांनी हुसेनचाचांना बोलावलं.

हुसेनचाचा पूर्वी सरकारी कारखान्यात हत्यारांचे मिस्त्री होते. राज्य गेलं तशी नोकरी गेली. आता बाजारात स्टोव्ह आणि शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. त्या दिवसांत त्यांच्या आळीतली बरीच घरं बंद होती. त्यांबद्दल कुणी बोलत नव्हतं, आमच्या घरीही नाही. चाचा मात्र राहिले होते. ते आले, ओट्यावर फडकं पसरलं, दोन्ही बोल्ट काढून ठेवले आणि मला म्हणाले, "बेटी, तेरे आँखां अच्छे हैं. इधर देख." बोल्टच्या अंगावर एक जाड उंचवटा असतो, तोच आतल्या खाचेत अडकून धक्का पेलतो. त्याच्या मुळाशी केसासारखी रेघ होती. दुसऱ्या बोल्टवरही तिथंच.

"चीर हाय?" मी विचारलं.

"हौ. लोहा कच्चा है. पकाया नैं बराबर. जंग के टैम में घाई घाई में बनाये सो माल." ते अप्पांकडे वळले. "कारखाने में भी देख्या था मैं. एकीच साल का माल ऐसा निकल्या था. आगे का अच्छा, पीछे का अच्छा."

"कुठलं साल, मिस्त्री?" अप्पांनी विचारलं.

"साल तो घिस गया ना साब. अब कैसा बोलूं?"

त्या रात्री जेवताना अप्पांचं लक्ष नव्हतं. भाकरी मोडायची आणि तशीच ताटात ठेवायची. मग एकदम म्हणाले, "कमे, साल गेलं. नंबर कुटं गेलाय?" मला आधी कळलं नाही. ते म्हणाले, कारखान्यात बंदुका एकामागून एक तयार होतात, नंबर चढत जातात. ज्यांवर साल वाचता येतं त्यांचे नंबर क्रमानं लाव. ज्यांचं साल गेलंय त्या त्यांच्या मधे बसव. आपोआप कळतंय कोण कुठल्या सालची ते.

माझ्या आयुष्यातली ती पहिली खरी यादी. जुन्या उर्दू फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी रेघा मारल्या. अण्णा ठाण्यातून एकेक बंदूक आणून उजेडात धरायचा, मी नंबर वाचायची. साल घासलेलं असलं तर खडू चोळून पाहायची. तीन दिवस लागले. अण्णाला कंटाळा आला होता. तो म्हणायचा, "बंदुकीची कुंडली मांडायलीस व्हय? बघ, हिला मंगळ हाय का." पण ती कुंडलीच होती. एम ३९६० वर आधीचं साल स्पष्ट होतं. एम ४१८१ वर पुढचं. एम ४५१० आणि एम ४८५५ वरही तेच. एम ५०२३ वर त्याच्याही पुढचं. आणि अडकलेल्या दोन्ही, ज्यांचं साल गेलं होतं, त्या होत्या ४३०२ आणि ४६९०, म्हणजे बरोबर मधल्या सालात. त्या मधल्या सालात आमच्या बावीसपैकी एकूण नऊ बंदुका बसत होत्या. मी अप्पांना वाचून दाखवलं. अप्पांनी "हं" म्हटलं. नंतर आईला म्हणाले, "ऐकलीस का? साहेबलोकांला जमलं नसतं." मला कुणी सोन्याची अंगठी दिली असती तरी एवढं वाटलं नसतं.

अमीनसाबांनी जिल्ह्याला लिहिलं. ह्या नऊ परत घ्याव्यात. मोडक्या दोन नमुन्यासाठी सोबत पाठवल्या. राहिल्या सात. महिन्यानं उत्तर आलं, की नमुने मिळाले, तपासणीचा हुकूम होईल, तोवर हत्यारं जागेवरच ठेवावीत. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर, फक्त वरचा जावक क्रमांक वेगळा. परत घ्यायचा अधिकार अमीनसाबांना नव्हता. त्यांनी दोन्ही हात वर केले. "कारकून, मला हुकूम हाय की सगळ्या बंदुका वाटून ठेवा. तुमच्या पोरीच्या कागदावर मी हुकूम मोडू व्हय?" मग स्वतःच म्हणाले, "पण कोणती उडवायची अन् कोणती नुसती खांद्यावर घ्यायची, हे कुणी हुकमात लिवलं न्हाई."

त्यावर तोड आईनं काढली. गुरांच्या दाव्याला बांधतात तसा लाल दोरा आणा, म्हणाली, आणि त्या सात बंदुकांच्या लाकडी दस्त्याला बांधा. दिसायला गंडा, कुणी विचारलं तर नजर लागू नये म्हणून. असं ठरलं. लाल दोऱ्याची बंदूक खांद्यावर घेऊन गस्त घालायची, बार त्यातून काढायचा नाही. दलातल्या सगळ्या पोरांना हे तोंडपाठ झालं. अण्णाची बंदूक होती एम ५०२३. तिला दोरा नव्हता.

यादी केली, दोरे बांधले, अर्ज केले. जे आमच्या हातात होतं ते सगळं केलं असं आम्हाला वाटत होतं.

आता त्या नवमीकडे येते. खंडेनवमीला आमच्याकडे जे ज्याचं हत्यार त्याची पूजा होते, सुताराचा वाकस, शेतकऱ्याचा विळा, कारकुनाचा टाक. ठाण्याच्या बंदुकाही पुजल्या जायच्या. पूजेच्या वेळी कुणाच्या हातून चाप ओढला जाऊ नये म्हणून आधी सगळे बोल्ट काढून घ्यायचे, असा अमीनसाबांचा नियम होता. चांगलाच नियम होता. बोल्ट निराळे परातीत ठेवायचे, बंदुका निराळ्या भिंतीला. बंदुका आल्यापासून आधीच्या दोन्ही वर्षी बोल्ट काढायला आणि परत घालायला हुसेनचाचा बसले होते. आदल्या दिवशी मी सहज विचारलं, "मिस्त्रींना निरोप धाडायचाय?" पाटील ओट्यावर पान लावत होते. ते म्हणाले, "पूजेच्या कामात ते कामून? बोल्ट काय आपल्या पोरांला काढता येत न्हाईत?" अमीनसाब कागदात डोकं घालून बसले. अप्पांनी काहीतरी बोलण्यासाठी घसा साफ केला आणि पुन्हा पानदानाकडे पाहिलं. मीही काही बोलले नाही. मला वाटलं, एक दिवसाचा तर प्रश्न आहे. खरं म्हणजे मला वाटलंच नाही काही. शेंगांच्या पोळ्यांचं कूट कांडायचं बाकी होतं.

पोरांनी सकाळी बोल्ट काढले आणि परातीत टाकले. वीस बोल्ट, काळे, तेलकट. पाटलांनी परातीकडे पाहून म्हटलं, "हे असे देवापुढं मांडायचे?" मग ती परात आम्हा बायकांपुढे आली. पूजेची भांडी घासायची तर ती बायकांनी घासायची. चिंच आणि राख घेऊन आम्ही पाचजणी बसलो.

गंगाक्कानं एक बोल्ट हातात घेऊन फिरवून पाहिला. "हे गं काय, कमे? मुसळाचं पिल्लू हाय का?"

"बोल्ट हाय, गंगाक्का. ह्यो नसंल तर बंदूक मुकी."

"मंग आमच्या घरी एक दे. सासूला बसवते."

आई हसू दाबत म्हणाली, "अक्का, हात चालीव. नैवेद्य निवायलाय."

घासले, पाण्यानं धुतले. मग मी घासलेटात बुडवून काढले, फडक्यानं पुसले आणि तेलाचं बोट फिरवलं, चाचा करायचे तसं. एवढं मला येत होतं. बोल्टच्या दांड्याच्या मागच्या बाजूला बारीक नंबर असतो, जिच्यातला तो आहे तिचाच. तो नंबर मी पुसताना बोटाला लागतही होता. त्यावर मी हळदीकुंकवाची बोटं ओढली. परातीत झेंडूची फुलं घातली. फार सुरेख दिसत होतं ते. आरती झाली, आईनं ओवाळलं. मग अमीनसाब म्हणाले, "चला, आटपा, मेहकरच्या लोकांला उन्हाच्या आत निघायचंय." पोरं रांगेत उभी राहिली. मी परात घेऊन उभी होते. जो पुढे येईल त्याला एक बोल्ट आणि एक पोळी. बोल्ट सगळे सारखे दिसतात. घुसवले की बसतात, खटक् असा आवाज होतो. तो आवाज झाला की सगळं ठीक, असं मला वाटायचं. वीस वेळा खटक् झालं.

माझ्या यादीत बोल्टच्या नंबराचा रकाना नव्हता. रजिस्टरात नव्हता म्हणून माझ्यातही नव्हता. दोरे बंदुकांच्या दस्त्यांवर होते, आणि कच्चं लोखंड त्या दस्त्यांपासून सुटून पोरांच्या हातात वाटलं गेलं होतं. वाटणारी मी होते. सगळ्यांत नीटनेटकी म्हणून ते काम मला दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. मेहकरचे लोक आठ बंदुका घेऊन आदल्या दिवशीच गेले होते. एक शिपाई एक बंदूक घेऊन तिजोरीच्या बंदोबस्तासाठी पहाटेच गुलबर्ग्याला निघाला होता. राहिलेल्या अकरा घेऊन गाव सीमोल्लंघनाला निघालं. शिवेवर शमीची पूजा झाल्यावर तीन बारांची सलामी द्यायची पद्धत होती. सलामीसाठी तिघांना निवडलं, तिघांच्या बंदुका बिनदोऱ्याच्या. अण्णा त्यात होता. तो मोजणी खात्यात लागणार होता, दिवाळीनंतर कामावर हजर व्हायचं होतं. त्यामुळे ही त्याची दलातली शेवटची सलामी. आईनं त्याला नवा पटका बांधला होता.

मी बायकांच्या घोळक्यात होते. तो पुढे जाता जाता माझ्यापाशी थांबला. "काय अमीनबाई, माझी तुमच्या यादीत न्हाई ना?"

"न्हाई. पाच हजार तेवीस. पुढच्या सालची," मी म्हटलं. तोंडपाठ होतं मला.

"मंग बरं. न्हाईतर म्हणशील, अण्णा, तोंडानंच धाड् म्हण."

पहिला बार झाला, मुलांनी कानांवर हात ठेवले. दुसरा झाला. तिसऱ्याचा आवाज वेगळा आला. मोठा नव्हता. कोरडा आणि आखूड होता, वाळलेलं लाकूड मोडावं तसा. अण्णा पडला नाही. तो उभाच होता, बंदूक हातात, आणि डाव्या हातानं उजवा डोळा झाकून म्हणाला, "आय, काय तर गेलं डोळ्यात." मग त्याच्या बोटांमधून रक्त आलं.

बैलगाडीतून नाक्यापर्यंत, तिथून लॉरीनं बिदरला. आईच्या मांडीवर त्याचं डोकं होतं. मी पायाशी बसले होते. सांगण्यासारखं एवढंच की त्या सगळ्या वाटेवर मी मनात नंबर म्हणत होते. पाच हजार तेवीस, पाच हजार तेवीस. यादीत नाही. माझी यादी चुकली, नंबर मी चुकीचा वाचला, साल चुकीचं लावलं, असं काहीतरी मला शोधायचं होतं. डॉक्टरांनी डोळा काढला. दुसरा वाचवायचा तर तो ठेवता येणार नाही, म्हणाले. अप्पांनी अंगठा दिला. सही करता येत असूनही अंगठा दिला, कारण कागदावर सही कुठे करायची ते त्यांना दिसत नव्हतं आणि विचारण्याचं भान नव्हतं.

चौथ्या दिवशी हुसेनचाचा दवाखान्यात आले. कुणी बोलावलं नव्हतं. पायरीवर बसून त्यांनी फडक्यातून मोडका बोल्ट काढला, अमीनसाबांकडून मागून आणलेला. उंचवटा मुळापासून तुटला होता. मागचा नंबर त्यांनी माझ्यापुढे धरला. कुंकू अजून त्या आकड्यांत बसलेलं होतं.

एम ४८५५.

"ये इसका नैं है, बेटी," ते हळू म्हणाले. "ये किसने डाल्या?"

मी सांगितलं. परात, चिंच, राख, रांग, पोळी, सगळं सांगितलं. त्यांनी मान खाली घातली. ते मला रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मैं आता था ना हर साल." एवढंच. मग फडकं गुंडाळून अण्णाला बघायला आत गेले.

अण्णाला मी आठ दिवसांनी सांगितलं. पट्टी होती, चेहरा सुजलेला होता. त्यानं पट्टी चाचपली. मग म्हणाला, "निशाण धरताना एक डोळा मिटावा लागतो. माझं ते काम कमी झालं." मी रडायला लागले तसा चिडला. "गप. तू वाटलंस, मी घातलं. मला तरी कुटं नंबर बघायचं सुचलं? दोन वर्षं तीच बंदूक पुसायलतो मी." मोजणी खात्याचा कागद त्यानं स्वतः परत पाठवला. पुढे त्यानं गावातच धान्याचा व्यापार केला, लग्न केलं, चार मुलं वाढवली. मला त्यानं कधीच बोल लावला नाही. आई मात्र त्यानंतर चिंचेनं भांडी घासत नसे. आम्ही कुणी त्याचं कारण विचारलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते इथं संपत नाही. सात बोल्ट कच्चे होते. एक मोडला. सहा होते कुठेतरी, चांगल्या बंदुकांत बसून. आम्ही बिदरहून परतलो त्या दिवशी मी नवी यादी केली, दोन रकान्यांची. अंगाचा नंबर, बोल्टचा नंबर. आता अमीनसाबांनी हुकमाची वाट पाहिली नाही. गावातल्या अकरा बंदुका बैलगाडीत घालून चाचा, अप्पा आणि मी मेहकरला गेलो. तिथल्या पोरांना ओळीत उभं करून आम्ही एकेक बोल्ट काढला. एकोणीसपैकी तीनच आपापल्या घरी होते. चांगले मूळच्या जागी घातले आणि कच्चे पाच चाचांनी तिथंच घणानं तोडले. ठाण्याच्या मालाची मोडतोड केली म्हणून पुढे अमीनसाबांना जाब द्यावा लागला. तो त्यांनी दिला. सहावा, एम ४५१०, कुठेच नव्हता. म्हणजे तो गुलबर्ग्याला गेलेल्या बंदुकीत होता. तिच्या अंगाचा नंबर ३९६०.

अप्पा स्वतः गुलबर्ग्याला गेले. बंदूक तोवर तिथल्या हत्यारांच्या कोठीत जमा झाली होती. कोठीवाल्यांनी रजिस्टर पाहून ती लगेच काढून दिली. भिंतीला टेकून उभी होती, स्वच्छ, तेल लावलेली, बिनबोल्टची. चोरी झाली तरी कुणाला वापरता येऊ नये म्हणून तिथं बोल्ट काढून निराळ्या पेट्यांत कुलपात ठेवायची पद्धत होती. पेट्या अनेक होत्या. पेटीवर बोल्टची संख्या लिहिलेली होती, नंबर नव्हते. अप्पांनी पेट्या उघडायची परवानगी मागितली. वरचा हुकूम आणा, कोठीवाले म्हणाले. अप्पा दोन दिवस धर्मशाळेत राहिले आणि परत आले. चपला काढताना म्हणाले, "कमे, दहा पावलांवर हाय तो. दहा पावलांवर." त्यानंतर त्यांनी किती अर्ज केले ते माझ्याकडे लिहिलेलं आहे. अक्षर सगळं माझंच.

मग राज्याचे तुकडे झाले. आम्ही म्हैसूर राज्यात गेलो, शेजारचे तालुके मुंबईकडे, काही आंध्राकडे. कचेऱ्यांची कपाटं, खुर्च्या, रजिस्टरं वाटली गेली, तशा कोठीतल्या पेट्याही. कुठली पेटी कुठे गेली त्याची यादी असेल. मी पाहिलेली नाही. अप्पा वारले, हुसेनचाचा वारले. मी लग्न होऊन लातूरला आले, नोकरीला लागले, आणि दरवर्षी दसऱ्याच्या आधी पत्रं लिहीत राहिले, तीन राज्यांना, कानडी मजकूर अण्णाकडून लिहून घेऊन. बहुतेकांना उत्तर येत नाही. आलं तर सौजन्याचं येतं. मागच्या उत्तरात एका अधिकाऱ्यांनी मनापासून लिहिलं होतं, की त्यांनी स्वतः चौकशी केली, जुनी हत्यारं बरीचशी वितळवली गेली आहेत, काही अजून ग्रामीण ठाण्यांत सलामीसाठी वापरात आहेत. पण बोल्टचा नंबर निराळा नोंदवण्याची पद्धत नसल्यानं शोध घेता येत नाही. कृपया रायफलीचा नंबर कळवावा.

गुलबर्ग्याला गेलेल्या रायफलीचा नंबर मला ठाऊक आहे. त्याचा उपयोग नाही. तो बोल्ट ज्या रायफलीत आज असेल तिचा नंबर हवा आहे, आणि तोच कुणाला ठाऊक नाही. हे मी त्यांना कसं समजावून सांगू याचा कच्चा मजकूर मेजावर पडून आहे. तीनदा लिहिला, तीनदा खोडला. सलामी देणाऱ्या प्रत्येक ठाण्यानं बार काढण्याआधी बोल्ट काढून त्याच्या दांड्यावरचा नंबर वाचावा, एम ४५१० असेल तर बार काढू नये, एवढंच लिहायचं आहे. एका ओळीचं काम आहे. ठाण्यांची नावं आणि पत्ते मी जमवत आहे, एकशे चाळीसपर्यंत आले आहेत. बाकीचे अजून मिळालेले नाहीत.